सरांचं घर मैदानावरच असायचं

आमच्या खो-खोच्या सरांबद्दल लोक म्हणतात, त्यांनी आख्खं आयुष्य खो-खोला दिलं, घराकडं त्यांचं लक्षच नव्हतं. पहिलं खरंच, पण 'घराकडं लक्षच नव्हतं' हे मला पटत नाही. मी त्यांच्याकडं खेळायचे तो 2016 चा उन्हाळा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं ते वर्ष. आमच्या धाराशिव जिल्ह्यातही टँकरच. मैदानावर मारायला पाणी कुठून आणणार? खांबाजवळची माती दगडासारखी झालेली, सूर मारला की कोपरं सोलून निघायची. तर रोज संध्याकाळी सर सायकलला दोन कॅन अडकवून यायचे. कपडे विसळलेलं पाणी, काकूंनी दिवसभर साठवलेलं. मागं कॅरिअरवर धाकटी लेक डबडं घेऊन बसलेली. खांबाभोवती पाणी शिंपडायचं काम तिचंच. साबणाच्या वासाची ती ओली माती मला अजून आठवते.

त्याच फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यातल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतानं दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्ण जिंकलं होतं. सरांनी ते कात्रण आम्हाला दाखवायच्या आधी घरी लेकीला वाचून दाखवलं होतं. आणि सराव लांबला, अंधार पडला, की आम्हा मुलींना घरापर्यंत सोडायला सरांबरोबर काकूही चालत यायच्या.