मदत हवी आहे: डिस्ने व्हेकेशन क्लबमध्ये होम रिसॉर्ट कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. डिस्ने व्हेकेशन क्लबचा ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधला टाइमशेअर (रिसॉर्टमध्ये दरवर्षी राहण्याचा विकत घेतलेला हक्क) रीसेलमध्ये, म्हणजे जुन्या सदस्याकडून, घ्यायचा विचार पक्का होत आलाय, पण घोडं होम रिसॉर्टवर, म्हणजे ज्या रिसॉर्टचा हक्क घ्यायचा त्यावर, अडलंय. सोबत सासूबाई आणि दोन लहान मुलं असतील.

बे लेक टॉवर रिसॉर्टहून मॅजिक किंगडम पार्कला चालत जाता येतं. दुपारी मुलं पेंगुळली की स्ट्रोलर ढकलत थेट खोलीवर, बसच्या रांगेत स्ट्रोलर घडी करायची कटकट नाही. माझ्या मते याला तोड नाही. पण किदानी व्हिलेज रिसॉर्टच्या सव्हाना व्ह्यू खोलीच्या बाल्कनीतून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात, त्यावर सगळ्यांचाच जीव जडलाय. तिथून मात्र प्रत्येक पार्कसाठी बसच.

रिव्हिएरा रिसॉर्टला स्कायलायनर (पार्ककडे नेणारी केबल कार) आहे, करारही २०७० पर्यंत. पण रीसेलमध्ये घेतलं तर पॉइंट्स (ज्यांवर खोल्या बुक होतात) फक्त तिथेच चालतात, म्हणून मन धजावत नाही.

होम रिसॉर्टचं बुकिंग ११ महिने आधी मिळतं, इतरांचं ७ महिने आधी. तर बे लेक घेऊन ७ महिन्यांच्या खिडकीत किदानीची सव्हाना खोली खरंच मिळते का? डिसेंबरात गेलेल्यांनी जरूर सांगा. आणि ज्येष्ठांना किदानीच्या लांबलचक कॉरिडॉरचा त्रास होतो का?