फुकटचं इंटरनेट: गरिबाच्या पथ्यावर की मुळावर?

चौकस: इंटरनेटवरच्या जाहिरातींना शिव्या घालणाऱ्या बहुतेकांना त्यांच्याऐवजी महिन्याची वर्गणी परवडते, असं माझं निरीक्षण. २०२३च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकची माणशी सरासरी कमाई अमेरिका-कॅनडात ६८.४४ डॉलर, आशिया-पॅसिफिकमध्ये ५.५२. सेवा दोघांना तीच. म्हणजे श्रीमंताच्या जिवावर गरिबाचं भागतंय. जाहिराती नकोत तर खर्च कोण उचलणार?

तिरकस: जाहिरातदार दानधर्म करत नाही हो, तो खर्च साबणाच्या वडीत धरलेला असतो. शिवाय जाहिरातीचा व्हिडिओ उतरतो तो आपल्याच डेटातून. पोराचा धडा अर्ध्यावर असताना पॅक संपतो, आणि त्यातला वाटा जाहिरातीने खाल्लेला असतो.

चौकस: साबण श्रीमंतही घेतो. आणि महागड्या गाड्यांच्या जाहिरातींचा पैसा काही गरिबाच्या खिशातून येत नाही.

अबोली: गरिबाला गाडीची जाहिरात दिसतच नाही, मुद्दा तोच आहे. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी फोनवर 'लगेच कर्ज' असं शोधलं. पैशांची सोय दुसरीकडून झाली. पण पुढे दोन महिने, मुलीला बडबडगीतं लावून दिली तरी मध्ये कर्जाचीच जाहिरात. शेवटी घेतलंच. गुगलने २०१६मध्ये ६० दिवसांच्या आत फेडायच्या कर्जांच्या जाहिराती बंद केल्या, त्या काय उगाच?

चौकस: वाईट वाटलं. पण बंद करता आल्या ना? मग वाईट जाहिराती हाकला, फुकट सेवा कशाला मारता? व्हॉट्सअ‍ॅप वर्षाला १ डॉलर घ्यायचं. २०१६मध्ये तेही सोडलं, कारण अनेकांकडे कार्डच नव्हतं. गरिबाची अडचण नुसती रकमेची नसते.

तिरकस: उदाहरण तुमच्यावरच उलटलं की! वर्गणी सोडताना जाहिराती आणणार नाही, धंदेवाल्यांकडून पैसे घेऊ, असंच ते म्हणाले होते. (आता मालक, म्हणजे फेसबुकवाली मेटा, जाहिरातींवरच गब्बर आहे, ते सोडा.)

अबोली: त्याच मालकाने नोव्हेंबर २०२३मध्ये युरोपात फेसबुक-इन्स्टाग्रामला महिना किमान ९.९९ युरोंत जाहिरातींपासून सुटका विकायला काढली. नसतील पैसे तर बसा बघत.

आणि चौकस, त्या बाईंचा हप्ता चुकला. आता फोनवर येतात त्या पहिलं कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या कर्जाच्या जाहिराती.