कॅन्सर आहे म्हणता, मग काढत का नाही?

रिकामटेकडा
बाबा ७१ वर्षांचे. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) ६.२ आला, म्हणून एमआरआय आणि मग बायोप्सी झाली. बारापैकी एका तुकड्यात प्रोस्टेटचा कॅन्सर, ग्लीसन (पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचा आकडा) ३+३, म्हणजे सहा. डॉक्टर म्हणाले, सध्या ऑपरेशन नको, लक्ष ठेवू. दर काही महिन्यांनी पीएसए, मधूनमधून एमआरआय, लागलीच तर पुन्हा बायोप्सी. त्या दिवसापासून घरात दोन तट पडलेत. आत्याचं एकच पालुपद : "घरात साप शिरलाय, आणि तुम्ही त्याच्यावर लक्ष कसलं ठेवताय?"

मी डॉक्टरांच्या बाजूने. ग्लीसन सहा म्हणजे दहापैकी सहा मार्क नव्हेत. बायोप्सीत कॅन्सर म्हणून नोंदवली जाणारी ही सगळ्यात खालची पायरी. ब्रिटनच्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती देखरेख अशा तीन गटांत वाटलं होतं. १५ वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले साधारण ३ टक्के. मग सुरी कशाला?

कडूकारलं
साफ असहमत. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सोयीस्करपणे गाळलात. कॅन्सर इतरत्र पसरलेले लोक देखरेखीच्या गटात ९ टक्क्यांच्या वर, ऑपरेशनच्या गटात ५ च्या आत. मेले नाहीत हे खरं, पण जगले कसे?

माझे सासरे कंबर दुखते म्हणून आठ महिने मलम चोळत होते. लघवीचा त्रास काडीचा नाही. निघाला तो मणक्यात पोचलेला प्रोस्टेटचा कॅन्सर. टेस्टोस्टेरॉन बंद करणारी इंजेक्शनं सुरू झाली, पीएसए झरझर उतरला. पण रात्री अचानक अंगाची लाही व्हायची, तीनदा सदरा बदलायचे. वर्षभरात दंडाचं मांस गेलं, खुर्चीतून उठताना हात टेकायला लागले. लवकर सापडलेला कॅन्सर ठेवून घ्यायची हौस मला तरी कळत नाही.

रिकामटेकडा
त्यांचं उशिरा कळलं, बाबांचं लवकर कळलंय. दोन्ही एका मापाने कसं मोजता?

मूकवाचक
पहिल्यांदाच लिहितोय. माझंही ३+३ च होतं. ५९ व्या वर्षी हट्टाने ऑपरेशन करून घेतलं. चार वर्षं झाली, अजून पॅड लावतो. शिंक येणारसं वाटलं की आधी मांड्या आवळतो, मग शिंकतो. बाकीचं जे गेलं त्याबद्दल बायको बोलत नाही, मीही नाही. मला कुणी 'थांबू या' म्हणालं असतं तर थांबलो असतो का? नसतो बहुतेक. रिपोर्ट आला त्या रात्री झोपच उडाली होती. आता पीएसए शून्याला टेकलेला दिसला की बरं वाटतं, हेही खोटं नाही.

भिंग
रोज बायोप्सीच्या याच काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, म्हणून लिहितो. @कडूकारलं, ते ९ टक्के जसेच्या तसे इथे लावू नका. त्या गटावर मुख्यतः पीएसएवरूनच नजर होती, आणि त्यात ग्लीसन सातवालेही होते. आज एमआरआय बघून नेमकी सुई घालता येते. @रिकामटेकडा, तुम्हीही फार निर्धास्त राहू नका. सुईला शेजारचा ४ चा, म्हणजे ३ पेक्षा जास्त बिघडलेला ठिपका हुकू शकतो, म्हणून ठरलेली पुढची बायोप्सी चुकवायची नाही. चार तपासण्या झाल्या की लोक कंटाळतात, मग देखरेखीचं दुर्लक्ष होतं.

दोन प्रश्न. बाबा लघवीसाठी फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड घेतात का? या गोळ्या काही महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. म्हणजे ६.२ दिसला तरी १२ च्या आसपास धरायचा. आणि बाबांच्या माहेरच्या, आपलं, वडिलांकडच्या बायकांत कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कॅन्सर? बीआरसीए-२ जनुकात बिघाड असेल तर हाच रोग आक्रमक होऊ शकतो, आणि थांबायचं गणित पुन्हा मांडावं लागतं.

कडूकारलं
बघा! मी काय वेगळं म्हणत होतो?

भिंग
तुम्ही 'काढा' म्हणत होतात. मी 'विचारा' म्हणतोय.

रिकामटेकडा
फिनास्टराइड दोन वर्षं चालू आहे. फाइलमध्ये कुठे लिहिलेलं दिसत नाही. आजी लवकर गेली, कशाने ते घरात कुणी बोलत नाही. माहीत असेल तर आत्यालाच. फोन लावणं आलं.