‘द फिश वेन्ट बॅड’ की ‘बॅडली’?

प्रश्न (डिचोली)
नववीला इंग्रजी शिकवतो. क्रियापदापुढे क्रियाविशेषणच, हे मुलांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ‘द फिश वेन्ट बॅडली’ लिहितात. गो बॅड, फॉल अस्लीप, रन ड्राय, कम ट्रू यांत विशेषण का येतं? आणि कुठल्या क्रियापदाला कुठलं जोडायचं? यादी पाठ करून टिकत नाही.

उत्तर (म्हापसा)
क्रियापद काढून तिथे ‘इज’ घालायला लावा. ‘द वेल रॅन ड्राय’चं ‘द वेल इज ड्राय’ होतं, म्हणजे ‘ड्राय’ विहिरीबद्दल सांगतो, पळण्याबद्दल नाही. ‘शी इज क्विकली’ मात्र होत नाही, म्हणून ‘शी रॅन क्विकली’. या प्रयोगांत रन, गो, फॉल यांचा मूळ अर्थ गळतो, ‘होणे’ तेवढा उरतो. आपलं ‘पडणे’ असंच वागतं. पण सांभाळा: आपल्याकडे माणूस आजारी पडतो नि विहीरही कोरडी पडते, इंग्रजीत माणसाला फॉल, विहिरीला रन. ‘द वेल फेल ड्राय’ ही चूक इथूनच येते.

उत्तर (मडगाव)
जोड्या अर्थाने लावा. ‘गो’ बहुधा बिघाडाकडे नेतं: बॅड, सावर, ब्लाइंड, बॅल्ड, बँकरप्ट. बर्फाविना ठेवलेले बांगडे ‘हॅव गॉन बॅड’. तरी आजार, थकवा, म्हातारपण यांना ‘गो’ लावत नाहीत. तिथे फॉल इल, गेट टायर्ड, ग्रो ओल्ड. रंग बदलला तर गो किंवा टर्न, दोन्ही चालतात. ‘रन’ साठा संपत आला की: ड्राय, लो, शॉर्ट. इथे शब्दयोगी शब्दाकडेही लक्ष हवं, ‘रन लो ऑन डिझेल’ पण ‘रन शॉर्ट ऑफ डिझेल’. घट्ट बसलेलं सुटलं की ‘कम’: ‘द नट केम लूज’. या ‘लूज’मध्ये दोन ओ, मुलं हमखास एक खातात. ‘कम ट्रू’ या गटात बसत नाही, ते स्वप्न किंवा भाकीत खरं ठरण्यापुरतं वेगळं शिकवलेलं बरं.

उत्तर (पेडणे)
‘वेन्ट बॅडली’ सरसकट चूक ठरवू नका, एवढी विनंती. ‘द इंटरव्ह्यू वेन्ट बॅडली’ अगदी बरोबर आहे, कारण तिथे ‘गो’ म्हणजे पार पडणे. मासे आणि मुलाखत, दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा आणि ‘इज’ची कसोटी मुलांनाच लावू द्या.