बस म्हणजे 'सर्वांसाठी': हा अर्थ आजही धरायचा की सोडून द्यायचा?

वाटसरू:
बस हा शब्द इतका रोजचा झालाय की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. तो ऑम्निबस या लॅटिन शब्दाची नुसती शेपटी आहे, आणि ऑम्निबस म्हणजे 'सर्वांसाठी'. फ्रान्समधल्या नान्त शहरात स्तानिस्लास बोद्री नावाच्या माणसाची गिरणी होती, तिथल्या वाफेच्या यंत्राचं गरम पाणी वाया जायचं म्हणून त्याने सार्वजनिक स्नानगृह काढलं, ते पडलं गावाच्या टोकाला, म्हणून गिऱ्हाइकं आणायला त्याने १८२६ च्या सुमारास घोडागाडी सुरू केली. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं की लोक मधेच चढतात, मधेच उतरतात, आंघोळीशी त्यांना काही देणंघेणं नाही. मग त्याने गाडीचाच धंदा धरला, या गाडीला ऑम्निबस हे नाव पडलं, आणि १८२८ मध्ये त्याने तो धंदा पॅरिसला नेला. पॅरिसमध्ये गाड्या बनवण्याचं काम केलेल्या जॉर्ज शिलिबियरने ४ जुलै १८२९ ला लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी ऑम्निबस काढली आणि थोड्याच वर्षांत इंग्रजांनी पुढचा भाग उडवून नुसतं बस म्हणायला सुरुवात केली.

माझं म्हणणं असं की 'सर्वांसाठी' हाच या शब्दाचा खरा अर्थ आहे आणि तो आपण धरून ठेवायला हवा. गाडी किती लांब, किती सीटांची, इंजिन कसलं, यावरून बस ठरत नाही. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ आणि भाडं देईल त्याला आत प्रवेश, हे तीन असतील तर ती बस. बाकीच्या मोठ्या गाड्या.

तर्कट:
पूर्ण असहमत. शब्द जिथून आला तिथला अर्थ हाच खरा अर्थ, असं धरलं तर एकही वाक्य धड बोलता येणार नाही. 'साहस' हा शब्द संस्कृतात अविचार, जबरदस्ती अशा वाईट अर्थाने यायचा, आज आपण कौतुकाने वापरतो, मग काय सगळ्यांना चुकीचं ठरवायचं का? शाळेची बस सर्वांसाठी नसते, कंपनीची नसते, लग्नाच्या वऱ्हाडाची नसते, कैद्यांना नेणारी तर मुळीच नसते. तरी सगळे त्यांना बसच म्हणतात आणि समोरच्याला बरोबर कळतं. कळतं म्हणजे अर्थ तोच, विषय संपला.

शब्दांकुर:
मी तर म्हणतो इतक्या लांब फ्रान्सला जायचंच कशाला, बस हा शब्द सरळ आपल्या 'बसणे' वरून आलाय. ज्यात बसतात ती बस. आणि संस्कृतात 'भ्यः' आहेच की, रामेभ्यः, सर्वेभ्यः. इंग्रजांनी तेच उचललं. सगळ्या भाषांचं मूळ संस्कृत आहे हे मान्य करायला लोकांना जड का जातं हेच मला कळत नाही.

पाणिनीची_वही:
@शब्दांकुर, तुम्ही एकाच दमात दोन गोष्टी बोललात, एक चुकीची आहे आणि दुसरी अर्धी बरोबर, आणि ती अर्धी फार सुंदर आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी चुकीची. आपलं 'बसणे' आलं संस्कृत 'उपविश्' वरून, प्राकृतातून 'बैसणे' झालं आणि मग बसणे. जुन्या ओव्या अभंगांत बैसला, बैसोनि असंच सापडतं. 'बस्स, पुरे' मधलं बस तिसरंच, ते फारसीतून आलं. तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेले तीन शब्द आज सारखे ऐकू येतात, एवढाच योगायोग.

आता 'भ्यः'. शाळेत रामाय रामाभ्याम् रामेभ्यः पाठ केलं असेल, तर चतुर्थीचं बहुवचन रामेभ्यः आणि पंचमीचंही रामेभ्यःच, हे आठवत असेल. लॅटिनमध्ये ऑम्निस म्हणजे 'सगळा', त्याची रूपं चालवली की 'सगळ्यांसाठी' याला ऑम्निबस आणि 'सगळ्यांपासून' यालाही ऑम्निबसच. म्हणजे आपली चतुर्थी आणि पंचमी जिथे एक होतात, बरोबर तिथेच लॅटिनमध्येही एक होतात. प्रत्यय एकमेकांचे नातेवाईक आहेत म्हणूनच हे असं जुळतं. दोन्ही त्याहून जुन्या एका भाषेतून आले, तिला भाषाशास्त्रात आद्य-भारोपीय म्हणतात. पण लॅटिनने संस्कृतातून घेतलं असं त्यातून निघत नाही, ही चुलत भावंडं आहेत, बापलेक नव्हेत. आणि 'सर्व' आणि 'ऑम्निस' यांचा तर एकमेकांशी संबंधच नाही, 'सर्व' चं लॅटिनमधलं भावंड आहे 'साल्वुस', म्हणजे धडधाकट, सुखरूप.

थोडक्यात ज्याला आपण बस म्हणतो तो मुळात शब्दच नाही, विभक्तीचा प्रत्यय आहे. 'सगळा' होता पुढच्या तुकड्यात, तो गळून पडला आणि 'साठी' तेवढं उरलं. म्हणून @वाटसरू, नुसत्या बस मध्ये 'सर्वांसाठी' आहे असं म्हणणंच व्याकरणाला धरून नाही.

वाटसरू:
@पाणिनीची_वही, प्रत्ययांची माहिती फार आवडली, पण निष्कर्ष पटला नाही. तुकडा गळला तरी अर्थ उरलेल्या तुकड्यात उतरतो, भाषेत हे सतत होतं. फोन हा टेलिफोनचा मागचा तुकडा, त्याचा मूळ अर्थ फक्त 'आवाज', पण 'दूर' हा अर्थ फोनमधून गेला का? आणि तुम्ही ज्याला नुसता प्रत्यय म्हणता त्याच्यापासून पुढे मिनीबस, ट्रॉलीबस, एअरबस एवढं गोत झालं. एअरबस हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात 'पुष्कळ माणसं एकत्र नेणारं' हेच होतं, प्रत्यय नव्हता.

तारतंत्री:
मी इलेक्ट्रिकलवाला, म्हणून हे लिहितोय. विजेच्या पॅनेलमध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड पट्टी असते, तिला बसबार म्हणतात. येणारी वीज आधी त्या पट्टीवर येते आणि मग एकेक फीडर, म्हणजे पुढे वीज नेणारी तार, तिच्यावरून आपापल्या वाटणीचं उचलतो. हिला पूर्वी ऑम्निबस बार म्हणायचे, म्हणजे सर्वांची पट्टी. तिथून शब्द कॉम्प्युटरमध्ये गेला, डेटा बस, ॲड्रेस बस, आणि तिथून तुमच्या खिशातल्या चार्जरच्या केबलवर, यूएसबी मधला बी म्हणजे हीच बस. एका वाटेवर अनेक उपकरणं, कुणासाठी वेगळी वायर नाही. त्यामुळे मूळ अर्थ मेलाय असं @तर्कट म्हणतात ते निदान आमच्या क्षेत्रात तरी खोटं आहे, तो रस्त्यावरच्या गाडीपेक्षा पॅनेलच्या आत जास्त शाबूत आहे.

तर्कट:
@तारतंत्री, मग यूएसबीची एक केबल घ्या आणि सांगा, एका टोकाला चार्जर, दुसऱ्याला फोन, यात 'सर्व' कुठे आले? तिथेही नाव राहिलं आणि वापर बदलला. माझाच मुद्दा झाला हा.

तारतंत्री:
नाही झाला. हब लावा, एकाच पोर्टावर कीबोर्ड, माऊस, प्रिंटर सगळं चालतं, रचनाच तशी आहे. तुम्ही एकच वस्तू जोडलीत म्हणून वाट एकट्याची होत नाही, बसमध्ये एकच प्रवासी असला तरी ती बसच असते ना.

जुनी_पाने:
मला 'सर्वांसाठी' या शब्दावरच आक्षेप आहे, व्याकरणाचा नाही, इतिहासाचा. बोद्रीच्या कितीतरी आधी, १६६२ मध्ये पॅरिसमध्ये गणितज्ञ ब्लेझ पास्कालच्या कल्पनेतून भाड्याच्या गाड्या सुरू झाल्या, भाडं पाच सू (तिथलं नाणं), रस्ते ठरलेले, गाडी रिकामी असली तरी वेळ झाली की सुटणार. @वाटसरू, तुमच्या तीनपैकी दोन अटी तिथे होत्या. तिसरी नव्हती, कारण सैनिक, नोकरचाकर आणि अंगमेहनत करणारे यांना त्या गाड्यांत चढायला पॅरिसच्या न्यायमंडळाने बंदी घातली. शिलिबियरचं पूर्ण अंतराचं भाडं एक शिलिंग होतं, रोजंदारीच्या मजुराला ते रोज परवडणं शक्यच नव्हतं. नाव सर्वांसाठी, गाडी मध्यमवर्गासाठी.

आणि पुढे अमेरिकेत मॉन्टगोमरी शहरात काय चाललं होतं? काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे भरायचे, बऱ्याचदा परत खाली उतरून मागच्या दाराने आत जायचं, आणि गोऱ्याला जागा कमी पडली की उठायचं. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स उठल्या नाहीत, त्यांना अटक झाली, आणि नंतर लोकांनी ३८१ दिवस त्या शहरातल्या बसवर बहिष्कार टाकला. ती गाडी तुमच्या व्याख्येत बसते का? रस्ता ठरलेला, वेळ ठरलेली, भाडं देईल त्याला प्रवेशही होता. म्हणून मला तुमची व्याख्या फार सोपी वाटते. भाडं घेऊन आत घेणं आणि सर्वांची असणं यात फार मोठं अंतर आहे.

वाटसरू:
@जुनी_पाने, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पण ही उदाहरणं मला माझ्याच बाजूची वाटतात. मॉन्टगोमरीच्या लोकांनी चिडून कुणाच्या खासगी मोटारीवर बहिष्कार टाकला नाही, टाकला तो बसवर, कारण जी सर्वांची म्हणवते तिच्यावर सर्वांचा हक्क सांगता येतो. भाड्यापुढे मला एक अट वाढवावी लागेल हे खरं, आत गेल्यावर सगळ्यांना सारखी जागा. मग चार अटी. तरी मूळ लॅटिन अर्थापासून मी हललेलो नाही, उलट जवळच गेलो.

तर्कट:
अटी वाढवत गेलं की व्याख्या कुठल्याही उदाहरणाला पुरते, तिला काही अर्थ राहत नाही. शाळेच्या बसचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

वाटसरू:
देतो. त्या शाळेच्या सर्व मुलांसाठी. 'सर्व' म्हणजे कोण हे प्रत्येक वेळी वेगळं ठरतं, पण ठरलेल्यांपैकी एकालाही वगळता येत नाही.

पाणिनीची_वही:
याच धाग्यात एक राहिलं. आपण मराठीत म्हणतो 'या बसला गर्दी आहे'. हा 'ला' आपल्या चतुर्थीचा, आणि तो लागलाय कशाला, तर लॅटिनच्या चतुर्थीच्या प्रत्ययाला. इंग्रजांनी त्याच शेपटीला आपल्या अनेकवचनाची शेपटी जोडून बसेस केलं आणि आपण ते रूप तसंच घेतलं, 'बसेसना' म्हणताना पुन्हा वर आपला प्रत्यय लावतो. @वाटसरू, तुमच्या फोनच्या उदाहरणात जे उरलं तो निदान स्वतंत्र शब्द होता, इथे तसं नाही, म्हणून माझा आक्षेप मागे घेत नाही. नुसत्या प्रत्ययात 'सर्व' सापडत नाहीत, ते बाहेरून आणावे लागतात.