'मेट्रोपोलिस'चा शेवट: हात मिळवले, पण कोणाचे?

गोदाकाठ:
शनिवारी नाशिकच्या इंदिरानगरला मित्राच्या गच्चीवर पांढरी चादर ताणून आम्ही पंधरा-सोळा जणांनी फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' पाहिला. १९२७ चा जर्मन मूकपट, जवळजवळ अडीच तासांचा. संपला तेव्हा बारा वाजून गेले होते आणि शेजारच्या काकूंनी दोनदा सांगूनही आमचं भांडण दीडपर्यंत मिटलं नाही. तेच इथे पुढे चालवतोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर उंच इमारतींचं शहर, जमिनीखाली यंत्रं, त्याच्याही खाली कामगारांची वस्ती. शहराचा धनी योह फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर मारिया नावाच्या मुलीच्या ओढीने खाली उतरतो, यंत्राचा स्फोट डोळ्यांनी पाहतो आणि दमलेल्या एका कामगाराला बाजूला करून त्याच्या जागी स्वतः उभा राहतो. मारिया भुयारात कामगारांना सांगत असते, धीर धरा, मध्यस्थ येईल. बाप रोटवांग नावाच्या संशोधकाकरवी एका यंत्रबाईला मारियाचा चेहरा देतो. ती कामगारांना चेतवते, ते यंत्रं फोडतात आणि त्यांच्याच वस्तीत पाणी शिरतं. शेवटी चर्चच्या दारात मुलगा बापाचा हात कामगारांच्या मुकादमाच्या हातात देतो. पाटी येते की डोकं आणि हात यांच्यातला मध्यस्थ हृदयच असलं पाहिजे. संपला.

माझ्या मते हा शेवट म्हणजे आधीच्या सव्वादोन तासांशी बेइमानी आहे. दहा तासांची पाळी कमी होणार का? वस्ती वर येणार का? कोणी विचारतच नाही. आणि हात मिळवतो कोण, तर ग्रोट. सिनेमाच्या सुरुवातीला मेलेल्या कामगारांच्या खिशात सापडलेले नकाशे धन्याच्या टेबलावर आणून ठेवणारा हाच माणूस. कामगारांनी त्याला कधी निवडलं? मुळात तो त्यांचा होता का?

तिसरी_पाळी:
गच्चीवर मी बोललो नाही, आता बोलतो. सातपूरला एका कारखान्यात ३१ वर्षं प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांवर, काढली. मला शेवट पटला.

आधी त्या घड्याळाच्या यंत्राबद्दल. फ्रेडर ते दोन मोठे काटे पेटलेल्या दिव्यांकडे ओढत असतो, एक दिवा विझला की दुसरा पेटतो, हात खाली घ्यायची सोय नाही. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे डायखाली, साच्याखाली, हात राहत नाही. ती आमच्या भल्यासाठीच. पण आठ तासांत काही हजार वेळा दाबल्यावर खांद्याला जे होतं ते त्या पोराच्या खांद्यात मला दिसलं. पाळी संपताना तो ओरडतो की दहा तास कधी संपणारच नाहीत का. रात्री तीन ते पाच या वेळात भिंतीवरच्या घड्याळाकडे ज्याने पाहिलंय त्याला तो आरडाओरडा नाटकी वाटणार नाही.

आता हस्तांदोलन. आमचा संप ४७ दिवस चालला. गेटवर मांडव, घरात उधारी. मिटला तो कागदाने नाही. आधी दोन माणसं एका खोलीत गेली, चहा झाला, हात मिळवले, आणि करार महिन्याभराने टाइप झाला. कागद नंतरच येतो. सिनेमा हात मिळवण्यापाशी थांबला म्हणून पुढे काही झालंच नाही असं कसं म्हणता?

आणि ग्रोट धन्याचा माणूस होता हे खरं. पण गेट बंद करून हृदययंत्र, म्हणजे शहराला वीज देणारं मुख्य यंत्र, वाचवायला तोच उभा राहिला होता, पडद्याच्या फोनवर धन्याने हुकूम दिला म्हणून त्याला गेट उघडावं लागलं. नंतर बेभान नाचणाऱ्या जमावाला "तुमची मुलं कुठे आहेत?" हे विचारणाराही तोच. दोन्हीकडच्या शिव्या खाणारा माणूसच मधे उभा राहू शकतो.

सर्किट:
मला अख्खा सिनेमाच पटला नाही. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने १९२७ मध्येच याची चिरफाड केली होती, आणि तो बरोबर होता. यंत्र वाढलं की ओझी वाहणारे हात कमी लागतात, इथे उलट यंत्रासाठी माणसांची फौज लागते. शिवाय ही यंत्रं बनवतात काय? कोणासाठी? खालच्यांच्या खिशात दमडी नाही, मग माल घेणार कोण? मी ऑटोमेशनमध्ये काम करतो. काटे दिव्याकडे फिरवायचं काम साध्या रिलेने, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या विजेच्या स्विचने, होईल, त्याला माणूस कशाला?

तिसरी_पाळी:
@सर्किट, तुमचा रोबो आमच्या वेल्डिंग लाइनला आला तेव्हा सहा माणसं कमी झाली हे खरं. पण जी दोघं उरली त्यांना रोबोच्या गतीने पार्ट लावावे लागायचे. आधी ते आपल्या गतीने काम करत. पडद्यावर दिसतं ते हे.

शिरीषफूल:
सगळे शेवटावर अडलेत. माझा राग मधल्या भागावर आहे. या सिनेमात बाई म्हणजे एक तर मेणबत्त्यांच्या उजेडात धीर धरा सांगणारी साध्वी, नाही तर अर्ध्या कपड्यांत नाचून पुरुषांची डोकी फिरवणारी यंत्रबाई. मधलं काही नाही. कामगारांच्या बायका यंत्रांवर कुठेच दिसत नाहीत. दिसतात त्या थेट दंग्यात, आणि तेव्हा पोटची पोरं वस्तीत टाकून आलेल्या! अंबडला असेंब्ली लाइनवर बायका काम करतात. मूल पाळणाघरात आहे की आजीकडे हे पाळी लागायच्या आत त्यांनी तीनदा फोन करून विचारलेलं असतं. हा प्रसंग ज्याने कोणी कल्पिला त्याने आई पाहिली नव्हती.

बरं, ही कथा-पटकथा एका बाईनेच लिहिलीय, लांगची तेव्हाची बायको थेआ फॉन हार्बू. त्यामुळे जास्तच लागलं.

पण मारिया आणि यंत्रबाई दोन्ही साकारणारी ब्रिगिटे हेल्म! चित्रीकरण झालं तेव्हा वीसचीही नसेल. एकच चेहरा, आणि एक डोळा जरा मिटला, मान जरा तिरकी झाली की समोर दुसरीच बाई. यासाठी मी पुन्हा बघेन.

चित्रवेडी:
शेवटावर बोलताना तुम्ही कोणती प्रत पाहिली हे महत्त्वाचं. बर्लिनला १० जानेवारी १९२७ ला पहिला खेळ झाला, त्यानंतर काही महिन्यांतच सिनेमा कापला गेला आणि पुढची ऐंशी वर्षं जगाने तो अर्धामुर्धाच पाहिला. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली, ती जोडून २०१० मध्ये दाखवली. मधेमधे चित्र ओरखड्यांनी भरतं ना, ते हे सापडलेले तुकडे. आधीच्या प्रतींत माणसं अशी अचानक वागत की शेवट गोड गोळीसारखा वाटणारच.

आणि हे तंत्र पाहा. ट्रिक-दृश्यं करणाऱ्या ऑयगेन श्युफ्टानने कॅमेऱ्यासमोर आरसा ४५ अंशांत तिरका धरला आणि त्याचा पारा हवा तेवढा खरवडला. खरवडलेल्या काचेतून खरी माणसं दिसतात, उरलेल्या आरशात बाजूला ठेवलेली छोटी प्रतिकृती. दोन्ही एकाच फिल्मवर, एकाच वेळी.

नाशिककरांनी यावर अधिक थांबायला हवं. आपल्याच गावातल्या फाळक्यांच्या कंपनीने १९१९ मध्ये 'कालिया मर्दन' काढला. त्याच्या सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आधी साध्या वेषात चेहऱ्यावरचे भाव दाखवते आणि बघता बघता तिच्या जागी कृष्ण उभा राहतो. यंत्रबाईला मारियाचा चेहरा चढतो तो प्रसंग पाहताना मला मंदाकिनी आठवली. तो पैसा, तो स्टुडिओ इथे नव्हता, पण हे वेड होतं. फाळके स्मारकात आपण पोरांना फिरायला नेतो, हे मात्र सांगत नाही.

भांडी_बाजार:
आमचं दुकान नावाप्रमाणे भांडी बाजारात. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही माल वरच्या फळीवर चढवायला लागतो. २०१६ च्या ऑगस्टला फळीही पुरली नाही. सिनेमात वस्तीच्या चौकात आधी फरशीच्या फटींतून पाणी झिरपतं. लोंढा नंतर. पूर असाच येतो, समोरून नाही, पायाखालून. मोरीतून, जोत्याच्या भेगेतून. पाणी उतरल्यावर प्रत्येक पातेल्यात चार बोटं गाळ होता, काळा, गुळगुळीत. मारिया ती जड तरफ ओढून घंटा वाजवते आणि चारी बाजूंनी पोरं धावत येऊन तिला बिलगतात, तिथे मी उठून गच्चीच्या कठड्याशी गेलो. शेवट बरा की वाईट मला कळत नाही. तो पूर खरा आहे.

गोदाकाठ:
@चित्रवेडी, मी पूर्ण प्रतच पाहिली, तरी शेवट तोच. स्वतः लांगनेही पुढे मुलाखतींत सांगितलं की त्या हृदयाच्या संदेशावर आपला विश्वास नव्हता. आणि हार्बू? १९३३ मध्ये लांगने जर्मनी सोडली, ती तिथेच राहिली आणि पुढे नाझी पक्षाची सदस्य झाली. मालक-मजूर भांडण नको, सगळे एका कुटुंबातले, ही भाषा त्या राजवटीला फार आवडायची. हा धागा मला नजरेआड करता येत नाही.

चित्रवेडी:
१९२७ च्या सिनेमावर पुढच्या पापांचा निकाल लावू नका. त्याच हार्बूने नंतर आयी तेंडुलकरांशी, बेळगावकडच्या आपल्या मराठी पत्रकाराशी, गुपचूप लग्न केलं होतं. ते तिच्याहून सतरा वर्षांनी लहान. गोऱ्या वंशाचा डंका पिटणाऱ्या राज्यात! माणूस एका ओळीत बसत नाही, सिनेमाही नाही.

गोदाकाठ:
लग्नाने पक्षाचं सदस्यत्व पुसलं जात नाही. मला ती बाई नाही, ते हस्तांदोलन खुपतंय.

कंत्राटी:
पहिल्यांदाच लिहितोय. अंबडला कामाला आहे, चार वर्षांत तिसरा ठेकेदार. जागा तीच, मशीन तेच, गेटपास फक्त बदलतो.

फ्रेडर ज्याच्या जागी उभा राहतो तो ११८११. त्याचं नाव गेऑर्गी आहे, पण टोपीवर नंबर. पुढे फ्रेडरवर सुरा उगारला जातो तेव्हा हा मधे येतो आणि त्याच्याच मांडीवर मरतो. जुन्या कापलेल्या प्रतीत हे नव्हतं म्हणतात. पूर्ण प्रतीत आहे, पण शेवटी चर्चच्या पायऱ्यांवर त्याचं नाव एकदाही निघत नाही. माझ्यासाठी सिनेमा तिथे कमी पडला.

तिसरी_पाळी काका, तुम्हाला एक विचारतो, राग मानू नका. ४७ दिवसांनंतर तुमचा जो करार झाला, त्यात ठेक्यावरची पोरं होती का?

तिसरी_पाळी:
राग नाही बाळा.

नव्हती. आमच्या शॉपला तेव्हा ठेक्याची बावीस जणं होती. संपात मांडवाखाली आमच्या बरोबरीने बसली, दोन वेळचा चहा तीच आणायची. करार झाला त्या दिवशी आम्ही गुलाल उडवला. सोमवारी पहिल्या पाळीला आम्ही आत गेलो, ती बावीस पोरं गेटवरच राहिली. त्यातला एक माझ्याच प्रेसला हेल्पर होता, मी त्याला खुणेने थांब म्हणालो. दुपारी बाहेर आलो तेव्हा मांडव सोडलेला होता आणि तो नव्हता.