मदत हवी आहे: बहिणीला मेकअपची ॲलर्जी आहे, लग्नाच्या दिवशी काय तयारी ठेवू?

धाकट्या बहिणीचं लग्न पुढच्या महिन्यात नाशिकला आहे. साखरपुड्याला खोट्या पापण्या लावल्या आणि संध्याकाळपर्यंत तिचे दोन्ही डोळे सुजून लाल झाले. त्वचारोगतज्ज्ञांना संशय पापण्यांच्या गोंदाचा आहे, कारण त्यात बऱ्याचदा लॅटेक्स असतं. पाठीवर पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून बघायची चाचणी) करायची ठरली आहे. तिचं निरीक्षण साधारण ४८ आणि ९६ तासांनी करतात, त्यामुळे ती आत्ताच उरकतोय.

मेकअप करणाऱ्या ताई म्हणतात, "हातावर थोडं लावून बघू, लगेच कळेल." मला ते पटत नाही. अशी ॲलर्जी कित्येकदा एक-दोन दिवसांनी उठते. काळ्या मेंदीला तर मी साफ नकार दिलाय, त्यात पीपीडी हे रसायन असू शकतं. घरची साधी मेंदी चालेल ना?

मुहूर्त सकाळचा आहे. अंतरपाटाच्या तासभर आधी चेहरा खाजू लागला तर? मेकअप उतरवून गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या, एवढं माहीत आहे. सेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारणार आहोत. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर मुहूर्त बाजूला ठेवून थेट रुग्णालय, हे घरात सगळ्यांना बजावलंय.

ज्यांच्यावर ही वेळ आली, त्यांनी नंतर चेहऱ्यावर काय लावलं? आदल्या दिवशीची हळद चेहऱ्याला लावू दिली का? आजीला नुसतं बोट टेकवायला सांगितलं तर तिला वाईट वाटेल, पण बहिणीचे डोळे पुन्हा तसे झालेले मला बघवणार नाहीत. कृपया अनुभव सांगा.